तिसऱ्या पायरीचे रंग आणि डोळ्यांची परीक्षा

शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वहीत एक रंगचक्र हमखास असते. एलिमेंटरी असो की इंटरमिजिएट, चित्रकलेचे सर पहिल्या काही तासांतच ते काढून घेतात. कंपासने वर्तुळ, त्याचे बारा भाग आणि प्रत्येक भागात एक रंग. लाल, पिवळा, निळा हे तीन भाग डबीतून थेट रंगवायचे. नारिंगी, हिरवा, जांभळा हे तीन मिसळून तयार करायचे. उरलेल्या सहा घरांत या दोन गटांच्या मधले रंग येतात. ते तृतीय श्रेणीचे रंग, म्हणजे तिसऱ्या पायरीचे.

बहुतेक मुले या सहा घरांशी थोडी झटापट करून पुढे जातात. पण वर्गात एखादा मुलगा असा असतो, की त्याला पहिली सहा घरे जमतात आणि शेवटच्या सहांत तो पार गोंधळतो. पोपटीच्या जागी नारिंगीसारखे काही भरतो, मोरपंखी आणि राखाडी यांतला फरक त्याला सांगता येत नाही. सर रागावतात, मित्र हसतात, घरी 'लक्ष नसते' असा शेरा जातो. खरे तर त्याचे लक्ष पुरेपूर असते. चक्रातले ते फरक त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. ही गोष्ट आठवीत कळली तर फार काही बिघडत नाही. तीच जहाजावरच्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, विसाव्या वर्षी, हजारो रुपये भरून झाल्यावर कळली, तर घराचे गणित कोलमडते. म्हणून आजच्या लेखात आधी हे रंग समजून घेऊ आणि मग ते पाहणारा डोळा.

तीन, तीन आणि सहा

चित्रकलेत लाल, पिवळा आणि निळा यांना प्राथमिक रंग म्हणतात, कारण डबीतले इतर रंग मिसळून ते तयार होत नाहीत. कोणतेही दोन प्राथमिक रंग मिसळले की दुय्यम रंग मिळतो. लाल-पिवळ्याचा नारिंगी, पिवळ्या-निळ्याचा हिरवा, निळ्या-लालाचा जांभळा. प्राथमिक रंग आणि चक्रातला त्याच्या शेजारचा दुय्यम रंग मिसळला की तिसऱ्या पायरीचा रंग तयार होतो.

असे सहा रंग होतात. त्यांची पुस्तकी नावे जोडनावे आहेत, पण आपल्या बोलीत त्यांना केव्हाच घरगुती नावे मिळालेली आहेत. लाल-नारिंगी म्हणजे आपला शेंदरी. पिवळा-नारिंगी म्हणजे पिकलेल्या हापूसच्या गराचा रंग. पिवळा-हिरवा म्हणजे पोपटी. निळा-हिरवा म्हणजे मोरपंखी. निळा-जांभळा म्हणजे गोकर्णीच्या फुलाचा रंग. आणि लाल-जांभळा म्हणजे पिकलेल्या रातांब्याचा, आमसुली. साडीच्या दुकानात बसलेल्या बाईला हे सहाही रंग कोणी शिकवलेले नसतात, तरी ती ते अचूक ओळखते.

मिसळण्याचे गणित सोपे आहे. नारिंगीत लाल आणि पिवळा समसमान धरले, आणि त्या नारिंगीत तितकाच लाल घातला, तर शेंदरीत तीन भाग लाल आणि एक भाग पिवळा होतो. हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्षात डबीतला पिवळा मवाळ असतो आणि निळा जबरदस्त. पोपटी करताना पिवळ्यात निळ्याचा ब्रशच्या टोकाएवढा थेंब पुरतो. निळ्यात पिवळा घालत बसलात तर अर्धी ट्यूब संपेल आणि पोपटी येणार नाही. म्हणून फिक्या रंगात गडद रंग थोडा थोडा घालावा, असे चित्रकलेचे शिक्षक सांगतात.

दुसरी अडचण जांभळ्याशी येते. व्हर्मिलियन लाल आणि निळा मिसळला की मुलांना सुंदर जांभळा न मिळता मातकट तपकिरी मिळतो. कारण व्हर्मिलियनचा कल पिवळ्याकडे असतो. म्हणजे दोन रंग मिसळले असे वाटले, तरी तिसरा त्यात गुपचूप येऊन बसलेला असतो. तिन्ही प्राथमिक रंग एकत्र आले की रंग मळतो. त्याऐवजी क्रिमसन लाल घेतला तर जांभळा स्वच्छ येतो आणि त्यातून आमसुलीही.

'तृतीय श्रेणी'चा आणखी एक अर्थ आहे आणि तो आपल्याकडच्या अनेक चित्रकला पुस्तकांत सापडतो. दोन दुय्यम रंग एकमेकांत मिसळले की जे येते तेही तृतीय श्रेणीचे. नारिंगी आणि हिरवा मिसळला की त्यात पिवळा दोनदा, लाल आणि निळा एकेकदा येतो. परिणामी मातकट पिवळा मिळतो. नारिंगी आणि जांभळ्यात लाल दोनदा येतो, म्हणून विटकरी मिळतो. हिरव्या आणि जांभळ्यात निळा दोनदा येतो, तेव्हा निळसर शेवाळी. या तिघांतही तिन्ही प्राथमिक रंग आहेत, म्हणून ते शांत आणि किंचित मळलेले दिसतात. कोकणात राहणाऱ्याला यांचे नमुने शोधायला लांब जावे लागत नाही. जांभ्याचा चिरा, पावसाळ्यात त्यावर धरलेले शेवाळ आणि भातकापणीनंतरचे शेत, हे तीन रंग दापोलीच्या कोणत्याही रस्त्यावर एकाच वेळी दिसतात.

दोन्ही व्याख्या आपापल्या जागी बरोबर आहेत. परीक्षेत आपल्या पुस्तकातली द्यावी. डोळ्यांच्या दृष्टीने मात्र दोन्ही गट महत्त्वाचे आहेत. का, ते पुढे येईल.

मिश्रण कागदावर की डोळ्यात?

पिवळा आणि निळा रंग मिसळल्यावर हिरवा का येतो? रंग वजाबाकी करतात म्हणून. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. पिवळे रंगद्रव्य त्यातला निळा भाग शोषून घेते. निळे रंगद्रव्य लाल भाग शोषून घेते. दोन्ही एकत्र केल्यावर ज्याला कोणीच अडवले नाही तो हिरवा भाग तेवढा परत येतो. छपाईसुद्धा याच वजाबाकीवर चालते. रंगीत वृत्तपत्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंच्या बारीक ठिपक्यांतून तयार होते. भिंग घेऊन पाहा, ठिपके दिसतील.

मोबाइलच्या पडद्यावर उलटा हिशोब असतो. तिथे रंग नसून प्रकाशच असतो, आणि प्रकाशांची बेरीज होते. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा असे तीनच दिवे आहेत. लाल आणि हिरवा दिवा एकत्र लागला की पिवळा दिसतो. चित्रकाराला हे विचित्र वाटेल, पण त्या जागी पिवळा प्रकाश मुळीच नसतो. पिवळा तयार होतो तो आपल्या डोळ्यात आणि मेंदूत.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे बारा कोटी. त्या अंधुक प्रकाशात काम करतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. शंकुपेशी सुमारे साठ लाख. रंग ओळखणे हे त्यांचे काम. शंकुपेशींचे तीन प्रकार आहेत. एक लहान तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला, दुसरा मध्यम म्हणजे हिरव्या प्रकाशाला आणि तिसरा लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. या तीन प्रकारच्या पेशींचे संदेश किती तीव्र आले, याची तुलना करून मेंदू रंग ठरवतो.

तीन प्रकारच्या ग्राहकांची ही कल्पना इंग्रज वैद्य थॉमस यंग यांनी 1802 च्या सुमारास मांडली. पुढे हेल्महोल्ट्झ आणि मॅक्सवेल यांनी ती पक्की केली. पडद्यावर तीन दिवे पुरतात ते डोळ्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत म्हणून. तीनाचा आकडा प्रकाशाच्या स्वभावात नाही, तो आपल्या शरीरात आहे.

मोरपंखी राखाडी दिसतो तेव्हा

आता त्या तीन प्रकारांपैकी एक गैरहजर असेल किंवा नीट काम करत नसेल तर? यालाच आपण रंगांधळेपणा म्हणतो. शब्द थोडा फसवा आहे. या लोकांना जग काळे-पांढरे दिसत नाही. नजर तीक्ष्ण असते, वाचनात अडचण नसते, चष्म्याचा नंबरही नसू शकतो. फक्त काही रंगांतला फरक त्यांना कळत नाही. सर्वांत जास्त आढळतो तो लाल-हिरव्याचा दोष, म्हणजे मध्यम किंवा लांब तरंगलांबीच्या शंकुपेशींतला. बहुसंख्य लोकांत त्या पेशी असतात, पण त्यांतले रंगद्रव्य थोडे वेगळे असते. तो सौम्य प्रकार. थोड्या लोकांत एक प्रकार पूर्ण गैरहजर असतो. तो तीव्र प्रकार.

तीव्र दोष असलेल्या मुलासमोर आपले बारा घरांचे चक्र ठेवू. शेंदरी, नारिंगी, पिवळा आणि पोपटी ही सगळी घरे त्याला एकाच पिवळसर रंगाच्या कमी-अधिक गडद छटा वाटतात. गोकर्णी आणि जांभळा ही दोन्ही त्याला निळीच दिसतात, कारण जांभळ्यातला लालपणा त्याच्यापर्यंत पोचत नाही. मोरपंखी हे सर्वांत अवघड घर. निळ्या आणि हिरव्याच्या मधल्या एका पट्ट्यात त्याच्या दोन्ही उरलेल्या शंकुपेशी सारखाच संदेश पाठवतात आणि मेंदूला तो रंग राखाडी वाटतो. त्याच्या समोरच्या बाजूचे आमसुली घरही असेच निळसर-राखाडी होते. बारा घरांचे वर्तुळ चपटे होऊन एका रेषेवर येते. एका टोकाला पिवळा, दुसऱ्या टोकाला निळा आणि मध्ये राखाडी.

विटकरी, शेवाळी आणि मातकट पिवळा हा दुसरा गट तर त्याहून घातक. ते मुळातच मळलेले. त्यांच्यातला फरक बहुतांशी लाल-हिरव्याचाच. त्यामुळे जांभ्याची भिंत आणि तिच्यावरचे शेवाळ त्याला जवळपास एकाच रंगाचे दिसू शकते. एप्रिल-मे महिन्यात रातांबे काढताना हिरव्या पानांतले पिकलेले फळ इतरांना लांबून खुणावते, याला झाडाजवळ जाऊन पाहावे लागते. माकडांच्या काही जातींत आणि माणसात तिहेरी रंगदृष्टी टिकली ती हिरव्या पानांतले पिकलेले फळ ओळखण्यासाठी, असे एक शास्त्रीय मत आहे. रातांब्याचे झाड हे त्याचे चांगले उदाहरण ठरावे.

मग पहिली सहा घरे त्याला कशी जमली? डबीवर नाव लिहिलेले होते म्हणून. आकाश निळे, पाने हिरवी, गुलाब लाल हे त्याने पाठ केले होते म्हणून. ही मुले फार हुशारीने जुळवून घेतात. खडूच्या पेटीत हिरवा कितव्या जागी आहे ते त्यांना ठाऊक असते. पेटी सांडली आणि खडू परत कसेही भरले गेले की मात्र झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी होतात. तिसऱ्या पायरीचे रंग डबीत तयार मिळत नाहीत, त्यांना लेबल नसते. म्हणून पाठांतर तिथे थांबते आणि दोष उघडा पडतो. चित्रकलेचा तास ही रंगदृष्टीची पहिली चाचणी आहे, फक्त ती चाचणी आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आजोळचा वारसा

रंगांधळेपणाची पहिली सविस्तर नोंद ज्यांनी केली ते रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन स्वतः रंगांधळे होते. 1794 मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्यांनी आपल्या नजरेचे वर्णन वाचले. इतरांना गुलाबी दिसणारे जिरेनियमचे फूल त्यांना दिवसा निळे दिसे. डोळ्यातला द्रव निळा असावा, असा त्यांचा तर्क होता. आपल्या मृत्यूनंतर डोळा उघडून पाहावा, असे त्यांनी सांगून ठेवले. 1844 मध्ये तसे केले तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. डोळे जपून ठेवले गेले आणि 1995 मध्ये त्यांतल्या डीएनएची तपासणी झाली. मध्यम तरंगलांबीच्या रंगद्रव्याचे जनुक त्यांच्याकडे नव्हते, असे तेव्हा कळले.

लाल-हिरव्या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स गुणसूत्र एकच आणि तेही आईकडून मिळते. आईच्या दोनपैकी एका गुणसूत्रात दोष असेल तर तिची स्वतःची रंगदृष्टी बहुधा उत्तम असते, कारण दुसरे गुणसूत्र काम सांभाळते. पण तिच्या प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे हा वारसा आजोळचा आहे. आईच्या वडिलांकडून आईमार्फत नातवाकडे.

तपासणीच्या खोलीत हे नेहमी दिसते. वडील ठामपणे सांगतात, "डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्यात असले काही नाही." ते खरेच असते. मग आई जरा थांबून म्हणते, "माझा भाऊ लहानपणी रंग चुकवायचा हो." मामाला दोष आहे आणि भाच्यालाही. यात कोणाची चूक नाही. गरोदरपणात काही खाल्ले म्हणून, ग्रहण पाहिले म्हणून हे होत नाही. आईला बोल लावण्याचेही काही कारण नाही.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत हा दोष सुमारे 8 टक्के आणि स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळतो. भारतातल्या पाहण्यांत हे प्रमाण त्याहून कमी निघते. तरीही मोठ्या शाळेत असा एकही मुलगा नाही, असे सहसा होत नाही. मुलींत तो क्वचितच दिसतो, कारण त्यासाठी वडिलांना दोष हवा आणि आईकडूनही दोषाचे गुणसूत्र यायला हवे.

ठिपक्यांची पाने

रंगदृष्टी तपासण्याची गरज रेल्वेने निर्माण केली. 1875 मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. चालकाला दिव्याचा रंग कळला नसावा, असा तर्क शरीरक्रियाशास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी मांडला. त्या तर्काविषयी पुढे मतभेद झाले, पण त्यांनी काढलेली चाचणी जगभर पसरली. त्यात रंगीत लोकरीच्या लडी असत. एक लडी हातात द्यायची आणि ढिगातून तिच्याशी जुळणाऱ्या लडी काढायला सांगायच्या. ढिगात शुद्ध लाल-हिरव्याबरोबर मधल्या आणि मळलेल्या छटा मुद्दाम घातलेल्या असत.

आज दवाखान्यांत वापरली जाते ती इशिहारा चाचणी. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी ती 1917 मध्ये प्रसिद्ध केली. पानावर लहान-मोठे ठिपके असतात आणि त्यांत एक आकडा लपलेला असतो. ठिपक्यांचा आकार आणि फिके-गडदपणा मुद्दाम विस्कळीत ठेवलेला असतो, म्हणजे उजेड-अंधाराच्या आधारावर आकडा ओळखता येऊ नये. रंगाचा फरक हीच एक खूण उरते. ते ठिपके नीट पाहा. त्यांत भडक लाल किंवा भडक हिरवा नसतो. शेंदरी, पोपटी, शेवाळी, विटकरी, मातकट पिवळा असतो. म्हणजे चित्रकलेच्या वहीतला तृतीय श्रेणीचाच संसार. ज्या छटा रंगांधळ्या डोळ्याला एकसारख्या दिसतात त्याच निवडलेल्या आहेत. काही पाने तर अशी आहेत, की सामान्य डोळ्याला 74 दिसतो आणि दोष असलेल्याला 21. पहिल्या पानावरचा 12 मात्र सगळ्यांना दिसतो. तो न दिसल्याचा अर्थ वेगळा असतो, नजर कमी आहे किंवा सूचना कळलेली नाही.

ही चाचणी दिवसाच्या उजेडात, पुस्तक सुमारे 75 सेंटिमीटरवर धरून, प्रत्येक पानाला तीनेक सेकंद देऊन करतात. मोबाइलवर पाहून घरी निदान करू नका. पडद्याचे रंग छापील पानाशी जुळत नाहीत. आणि पाने पाठ करून तपासणीला जाण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नका. तपासणारा पानांचा क्रम बदलतो, गरज वाटल्यास रंगीत दिव्यांची वेगळी चाचणी घेतो. आणि समजा निभावले, तरी पुढे रात्री समोरचा दिवा ओळखायचाच असतो.

बोट, रेल्वे आणि गाडी

आपल्या जिल्ह्यात हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. इथली अनेक मुले जहाजावर जाण्याचे स्वप्न पाहतात. समुद्रात रात्री बोटीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. समोरच्या बोटीचा कोणता दिवा दिसतो यावरून ती कुठे चालली आहे ते कळते. हर्णै बंदरातल्या तांडेलाला हे पुस्तक न वाचताही माहीत असते. या दिव्यांना रस्त्यावरच्या सिग्नलसारखी वरची-खालची जागा नसते, रंग हीच खूण. म्हणून व्यापारी जहाजांवर नजरेचे नियम कडक आहेत. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि खेडचे स्टेशन जवळ आल्यापासून रेल्वेची नोकरीही इथल्या मुलांना जवळची वाटू लागली. इंजिनचालकाच्या पदाला रंगदृष्टी निर्दोष लागते. सैन्यदले आणि पोलिसांत पदानुसार नियम वेगवेगळे आहेत.

हे नियम अन्यायाचे नाहीत. पण ते कळण्याची वेळ चुकते तो अन्याय. बारावीनंतर प्रशिक्षणाची फी भरली, कर्ज काढले, आणि मग वैद्यकीय तपासणीत 'रंगदृष्टी सदोष' असा शेरा आला. दहा मिनिटांची चाचणी पाच वर्षे आधी झाली असती तर तो मुलगा आज दुसऱ्या वाटेवर बराच पुढे गेलेला असता.

उलट बाजूही सांगायला हवी. रंगांधळेपणा म्हणजे सगळे दरवाजे बंद, असे मुळीच नाही, आणि पूर्वी विनाकारण बंद असलेले काही दरवाजे आता उघडले आहेत. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा केला. रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये लाल वर आणि हिरवा खाली असतो, त्या जागेवरून काम भागते. वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2017 मध्ये न्यायालयाने रंगांधळ्या विद्यार्थ्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, एप्रिल 2022 मध्ये, रंगांधळ्यांना सरसकट वगळता येणार नाही असे न्यायालयाने सांगितले. संगणक, शिक्षण, हिशेब, कायदा, शेती, व्यापार यांत तर प्रश्नच येत नाही.

यावर औषध आहे का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. जन्मजात दोषावर आज उपचार नाही. 2009 मध्ये माकडांवर जनुकोपचाराचा यशस्वी प्रयोग झाला, पण माणसासाठी तो उपलब्ध नाही. रंगीत काचांचे चष्मे मिळतात. ते काही जणांना काही छटांतला फरक ठळक करून देतात, पण दृष्टी निर्दोष करत नाहीत, आणि नोकरीच्या तपासणीत ते चालत नाहीत. थेंब, चूर्ण, डोळ्यांचे व्यायाम यांनी दोष जातो, असे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका.

नंतर आलेला दोष

आतापर्यंत जन्मजात दोषाविषयी बोललो. तो आयुष्यभर तसाच राहतो, वाढत नाही, दोन्ही डोळ्यांत सारखा असतो. ज्याला पूर्वी रंग नीट दिसत होते आणि आता दिसत नाहीत, त्याची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे वेळ घालवू नये.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण क्षयरोगाच्या औषधांचे. टीबीच्या गोळ्यांत एथाम्ब्युटॉल हे औषध असते. फार थोड्या रुग्णांत ते डोळ्याच्या नसेवर परिणाम करते. त्याची पहिली खूण पुष्कळदा रंगांतच दिसते. लाल रंग फिका, विटकरी वाटू लागतो, हिरवा मळतो, अक्षरे धूसर होतात. टीबीचे उपचार चालू असताना असे जाणवले तर त्याच दिवशी आपल्या आरोग्य केंद्रात सांगा. औषध वेळीच थांबवले तर नजर बहुधा सुधारते. मात्र स्वतःच्या मनाने सगळ्या गोळ्या बंद करू नका. कोणते औषध थांबवायचे आणि कोणते चालू ठेवायचे ते डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो उपचाराच्या सुरुवातीलाच सांगावा, कारण त्यांच्यात हा धोका अधिक असतो.

तंबाखू आणि दारू यांचे दीर्घ व्यसन, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, काचबिंदू, मधुमेहामुळे दृष्टिपटलावर झालेले परिणाम, यांतही रंग ओळखण्याची क्षमता घटते. एका डोळ्याने लाल कापड लालभडक आणि दुसऱ्याने फिके दिसत असेल तर डोळ्याच्या नसेला सूज असू शकते. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून लाल वस्तू पाहणे ही तपासणी घरी कोणालाही करता येते.

मोतीबिंदूचा प्रकार सावकाशीचा. वाढत्या वयात नेत्रभिंग पिवळे, मग तपकिरी होते. पिवळ्या काचेतून पाहावे तसे निळे रंग मरतात. फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने यांच्या उतारवयातल्या चित्रांत तांबूस-तपकिरी रंग वाढत गेले, कारण त्यांना मोतीबिंदू होता. 1923 मध्ये त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडेही शस्त्रक्रियेनंतर पट्टी काढल्यावर अनेक आजी म्हणतात, की लुगडे इतके निळे आहे हे ठाऊकच नव्हते.

शाळेने आणि घराने काय करावे

सहावी ते आठवीच्या दरम्यान प्रत्येक मुलाची रंगदृष्टी एकदा तपासून घ्यावी. आजोबा, मामा किंवा मावसभाऊ यांच्यापैकी कोणाला दोष असेल तर नक्कीच. सरकारी रुग्णालयातल्या नेत्रविभागात ही तपासणी होते, सुई नाही, थेंब नाहीत, त्रास नाही.

चित्रकलेच्या शिक्षकांना विनंती आहे, की पोपटी आणि नारिंगीत सतत घोळ करणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याच्या पालकांना एक चिठ्ठी लिहा. दोष निघाला तरी त्याला चित्रकलेपासून तोडू नका. रेषा, आकार, छायाप्रकाश यांत अशी मुले उत्तम काम करतात. रंगांच्या डब्यांवर आणि खडूंवर नावे मोठ्या अक्षरांत लिहा. मिश्रणाचे प्रमाण थेंबांत सांगा, म्हणजे डोळ्याने न कळलेला पोपटी तो मोजून तयार करील. भूगोलाच्या नकाशात फक्त रंगांनी प्रदेश दाखवू नका, सोबत रेघा, ठिपके किंवा अक्षरे वापरा. फळ्यावर लाल आणि हिरव्या खडूने एकमेकांशेजारी लिहू नका.

घरी मुलाला वस्तू दाखवून 'हा कोणता रंग, तो कोणता' अशी पाहुण्यांसमोर परीक्षा घेण्याचा मोह टाळा. त्याला जे दिसते ते त्याच्यासाठी पूर्ण आणि नेहमीचे जग आहे. त्याला फक्त एवढे माहीत असायला हवे, की इतरांच्या जगात मोरपंखी नावाचे आणखी एक घर आहे, आणि कोणत्या कामात ते घर ओळखावे लागते. हे त्याला नववीत प्रवेश घेण्याआधी सांगा. पुढची वाट निवडायला त्याच्याकडे भरपूर वेळ असेल.